विजेची मोटार की हायब्रिड?

चऱ्होलीत पीएमपीएमएलच्या विजेच्या बसगाड्यांचे आगार आहे. जवळच्या चाकणला महिंद्राच्या ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ या विजेवरील मोटारी तयार होतात. साहजिकच या भागातील व्यापारी कुटुंबांत नव्या गाडीचा विषय निघाला, की हा प्रश्न पुढे येतो. मूळ फरक थोडक्यात असा : आपल्याकडील नेहमीच्या हायब्रिडची सारी ऊर्जा अखेर पेट्रोल पंपावरूनच येते.

विजेच्या मोटारीच्या तळाशी लिथियम बॅटरीचा मोठा संच असतो. ‘बीई ६’मध्ये तो ५९ किंवा ७९ युनिटांचा आहे. बॅटरीतील दिष्ट प्रवाह इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो आणि त्यावर मोटर फिरते. वेग कमी करताना तीच मोटर जनित्र बनून काही वीज बॅटरीत परत भरते. इंजिन नाही, त्यामुळे ऑइल बदलणेही नाही.

हायब्रिडमध्ये इंजिन व मोटर दोन्ही असतात. बॅटरी मात्र जेमतेम एक-दोन युनिटांची. ती घरी चार्ज करायची नसते. इंजिन आणि ब्रेक तिला भरतात. चाकणच्या वाहतूक कोंडीत इंजिन वारंवार बंद राहते, तेथे पेट्रोल चांगलेच वाचते. मोकळ्या महामार्गावर हा लाभ उतरतो. येथे पाटी पाहून माल घेऊ नये : ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकली जाणारी गाडी बहुधा केवळ विजेवर चालतच नाही, तिची मोटर इंजिनाला हातभार लावते इतकेच.

आता हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, पण साध्या इंजिनात तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन वाया जातो. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के कामी लावते. मध्यम आकाराची विजेची गाडी एका युनिटात साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. आपल्या बिलातील दराने भागाकार करून पाहावा. विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, तर ४ मीटरहून लांब हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही आहे.

तरीही वसुलीसाठी आडगावांतून रोज दूरवर फिरणाऱ्यास हायब्रिडच सोयीची, असे माझे मत. दुकान-गोदाम-घर अशी ठरलेली फेरी असेल, तर विजेची मोटार घ्यावी. पण आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर आणता येईल का, हे बयाणा देण्यापूर्वीच सोसायटीच्या चिटणीसांना विचारून घ्यावे.