पट्टी ओढायची नसते

घरची जुनी गाडी : भाग ६

गेल्या आठवड्यात हूडच्या कमानी सरळ केल्या. आता बाहेरच्या पट्ट्या, मोनोग्राम आणि बीडिंग. मालकाला ही सजावट वाटते आणि डेंटरला अडथळा, त्यामुळे रंगकाम निघाले की पहिला स्क्रूड्रायव्हर यांच्याच खाली घुसतो. उघड्या गाडीत मात्र पट्टीला काम असते. ती पत्र्याचा सांधा झाकते, पाणी बाहेर वळवते, हूडच्या कापडाची ठोकलेली कड दाबून धरते. ती वाकली, की पुढच्या पावसात पाणी थेट आत.

स्टँडर्ड हेराल्ड घ्या. डिझायनर मिकेलोत्तीने आखलेली ही गाडी ब्रिटनमध्ये १९५९ साली आली आणि १९६१पासून मद्रासला बनू लागली. सांगाडा वेगळा, त्यावर बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले. बंद गाडीचे छतसुद्धा बोल्टवरच. जोड जास्त, म्हणून ते झाकणाऱ्या पट्ट्याही जास्त. फियाट बनवणारा कारखाना कुर्ल्याला होता आणि तिथलीच पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे फियाटची पट्टी मुंबईच्या जुन्या बाजारात शोधता येते. उघड्या हेराल्डच्या पट्टीसाठी तो भरवसा धरू नये. आहे तीच वाचवायची.

त्यात आपल्या वडाळ्याला एका बाजूला मिठागरे, पलीकडे खाडी. खारट दमट हवा पट्टीमागे शिरते. पाणी सुकते, मीठ राहते. पट्टी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी आणि मधे खारा ओलावा, की दोन धातूंची बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते. स्क्रूभोवती दिसणारी पांढरी भुकटी ती हीच, आणि स्क्रू अडकतो तोही तिच्यामुळेच.

म्हणून हत्यार उचलण्याआधी पट्टी कशावर बसली आहे ते शोधावे. दाराचे पॅड आणि डिकीतले अस्तर काढून आतून टॉर्च मारा. नट दिसले तर पट्टीला मागे खुंट आहेत. ती बाहेरून ओढली तर खुंट तुटणारच. नुसती भोके दिसली तर स्प्रिंगच्या क्लिपा. काहीच दिसले नाही तर पट्टी कडेवर सरकवलेली असेल, किंवा स्क्रू रबराखाली लपलेले असतील.

गंजलेल्या नटाला गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी पाना आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने, मग उलट. तरी हलला नाही तर नट कापा, खुंट वाचवा. क्लिपांची पट्टी असेल तर कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावून लाकडाच्या दोन पाचरी घ्या आणि प्रत्येक क्लिपजवळ थोडे थोडे उचलत पुढे जा. एक टोक धरून उपटली की मधे मोड पडतो, आणि तो कधीच पूर्ण जात नाही. कडक झालेले रबर दुपारच्या उन्हात तापू द्यावे, मग हात लावावा. चिकटवलेला मोनोग्राम मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने मागून कापत काढावा. निघालेली प्रत्येक पट्टी पुठ्ठ्यावर बांधून डावी-उजवी लिहून ठेवा.

दुरुस्ती धातू पाहून ठरते. स्टीलची पट्टी आतून लाकडी ठोकणीने हलके ठोकून सरळ होते, मग बफिंग. ॲल्युमिनियम वाकवत राहिले की कडक होते आणि तडकते. आधी नरम करावे लागते. जुने कारागीर त्यावर धुण्याचा साबण घासतात आणि मागून मंद ज्योत फिरवतात. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. आणखी तापवले तर पट्टी डोळ्यांदेखत वितळते, कारण ॲल्युमिनियम आधी लाल होत नाही. त्यावरचा ॲनोडायझिंगचा थर बफने जात नाही. तो कॉस्टिकने उतरवून, पॉलिश करून पुन्हा चढवावा लागतो.

सगळ्यांत नाजूक मोनोग्राम आणि हँडल, कारण ते बहुधा जस्ताच्या ओतकामाचे. हा धातू ४०० अंशांच्या आतच वितळतो, म्हणून नेहमीचे वेल्डिंग विसरा. तुटलेला खुंट असेल तर मागून भोक पाडून नवा पितळी खुंट इपॉक्सीत बसवावा. क्रोमवर पुटकुळ्या असतील तर खड्डे कोरून साफ करणे, तांब्याचा थर, खड्ड्यांत सोल्डरचा डाग, पुन्हा तांबे, मग निकल आणि शेवटी क्रोम. प्लेटिंगवाल्याला वस्तू जस्ताची आहे हे आधीच सांगा. लोखंडासाठीच्या ॲसिडात ती बुडाली तर अक्षरेच खाऊन जाते.

परत बसवताना भोकांच्या उघड्या कडांना प्रायमर, क्लिपा नव्या, आणि दोन धातू जिथे भेटतात तिथे ग्रीस किंवा नायलॉनचा वायसर. मागे साचलेले पाणी उतरायला खालची वाट मोकळी ठेवा. सगळीकडून सिलिकॉन भरणे म्हणजे पाणी आतच कोंडणे.

एमएच-०३ देणारे आरटीओ वडाळ्यातच आहे, म्हणून एक जाता जाता. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नवी नोंद ‘व्हीए’ मालिकेत होते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा ही अट. तेव्हा पट्टी बसत नाही म्हणून कोणी पत्राच कापायला निघाला, तर त्याचा हात धरा. सांधा जुळवला की पट्टी बसते.

पुढच्या आठवड्यात : हूडचे कापड कापावे कसे, ताणावे किती.