दोन आणि तीन यांच्या मधले रक्त

पेण तालुक्यातले डोलवी हे धरमतर खाडीजवळचे गाव. पोलाद कारखान्यामुळे त्याचे नाव सर्वदूर पोचले. अशा गावातला माणूस मुंबईहून हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवून परततो, तेव्हा त्याच्याबरोबर जन्मभराची एक गोळी येते आणि एक आकडाही येतो: आयएनआर. गोळी डॉक्टर लिहून देतात. आकडा मात्र प्रयोगशाळेतून येतो.

या गोळीला आपण ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतो, पण रक्त पातळ होत नाही. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने गोठण्याचे काही घटक तयार करते. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल त्या कामात अडथळा आणते, त्यामुळे गुठळी उशिरा धरते. हेच वॉरफरिन 1948 साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 पासून माणसांसाठी वापरले जाऊ लागले. औषध आणि विष यांत इथे फरक मात्रेचा. आयएनआर साधारण 2 ते 3 च्या दरम्यान हवा. काही झडपांसाठी थोडा जास्त. खाली गेला तर झडपेवर गुठळी, त्यातून पक्षाघात. फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव.

हा आकडा निघतो कसा? 1935 साली आर्मंड क्विक यांनी मांडलेल्या चाचणीत रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन घालून तो किती सेकंदांत गोठतो ते पाहतात. पण प्रत्येक कंपनीचे, किंबहुना प्रत्येक खेपेचे थ्रॉम्बोप्लास्टिन सारखे तीव्र नसते. म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएसआय या निर्देशांकाची पद्धत स्वीकारली. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांची सरासरी, आणि त्या भागाकाराचा आयएसआयइतका घात.

समजा रुग्णाचे 24 सेकंद, निरोगी सरासरी 12. भागाकार 2. आयएसआय 1 असेल तर आयएनआर 2, पण 1.7 असेल तर तो 3.2 च्या वर जातो. नवी बाटली उघडताना यंत्रात जुनाच निर्देशांक राहिला, तर रक्तस्रावाच्या उंबरठ्यावरचा रुग्ण कागदावर ठणठणीत दिसेल आणि डॉक्टर मात्रा तशीच ठेवतील. ही चूक तपासण्यातून दिसणार नाही. ती फक्त प्रयोगशाळेतच पकडता येते.

त्याआधीची चूक सुईपाशीच होते. नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हवे. नळी अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होते आणि आकडा खोटा वाढतो. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा तर बर्फात ठेवण्याचा मोह होतो; पण थंडीने सातवा घटक सक्रिय होऊन निकाल बदलू शकतो. हा नमुना खोलीच्या तापमानालाच, 24 तासांच्या आत तपासायचा असतो.

आकडा अचानक हलला की चांगला तंत्रज्ञ आधी नमुना पुन्हा पाहतो, मागचे निकाल पाहतो, मग डॉक्टरांना तातडीने कळवतो. नवे प्रतिजैविक सुरू झाले का, पावसाळ्यात रोज पालेभाजी होऊ लागली का, हे विचारले जाते ते त्यानंतर. भाजी सोडायची नसते. प्रमाण सारखे ठेवायचे असते.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, हे खरे. पण धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेच्या रुग्णांतही जुनेच औषध सरस असल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ. त्यांची मात्रा ज्या आकड्यावर ठरते, तो मोजणाऱ्याची सही अहवालाच्या तळाशी असते. ती आपण क्वचितच वाचतो.