नवे पॅड का ओरडतात?

सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 च्या जूनमध्ये काढला आणि चर्चा सुरू झाली ती गाडी किती महागणार याची. पण एबीएस आलं की निदान पुढच्या चाकाला डिस्क येते आणि डिस्क आली की पॅड बदलणंही आलं. आजवर ड्रम ब्रेकवर निभावणारे लाखो जण या खर्चात नव्याने येतील आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला तोच अनुभव येईल: पॅड नवे टाकले आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेक असा किंचाळला की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. परत गेलं तर गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं, ‘नवे आहेत, बसतील हळूहळू.’

हे उत्तर अर्धं खरं आहे. नवा पॅड सपाट असतो आणि जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडने गोल चरे पाडलेले असतात. त्यामुळे सुरुवातीला पॅड फक्त उंचवट्यांवर टेकतो. वापराने त्याला डिस्कचा आकार येतो आणि त्याच्या मसाल्याचा एक पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. हा थर नीट बसला की पकड वाढते आणि आवाज बहुधा जातो. त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर 50 च्या वेगातून ब्रेक लावत 10-15 पर्यंत यायचं, गाडी पूर्ण थांबवायची नाही, थोडं अंतर तशीच चालवून डिस्क थंड होऊ द्यायची आणि हे आठ-दहा वेळा करायचं. पहिल्याच दिवशी घाटात नेऊन ब्रेक तापवले तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. मग पकड कमी आणि किंचाळणं जास्त, अशी गत होते.

आवाजाचं कारण म्हणजे थरथर. पॅड डिस्कला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, हे सेकंदाला हजारो वेळा घडतं आणि डिस्क, पॅड, पॅड धरणारा कॅलिपर सगळेच त्या थरथरीत सामील होतात. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच रीतीने. हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश अभियंत्याने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने पॅडला तांबं वापरलं होतं आणि धातूवर धातू घासून इतका कर्कश आवाज होई की ते चालवणं नकोसं व्हावं. पुढे 1907 च्या सुमारास हर्बर्ट फ्रूडने पॅडला ॲस्बेस्टॉसचं अस्तर दिलं आणि आवाज आटोक्यात आला. ॲस्बेस्टॉस फुप्फुसांचा वैरी आहे हे नंतर पुरतं उमगलं. आज पॅडचा मसाला कशाचा आहे हे पाकिटावर पाहून सांगता येईलच असं नाही. म्हणून कॅलिपरमधली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवणारं गॅरेज दिसलं तर तिथेच थांबवावं. ओल्या फडक्याने पुसणं हेच बरोबर.

आता ‘बसतील हळूहळू’च्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे वळू, कारण माझ्या मते खरा दोष तिथेच आहे. झिजलेला पॅड पातळ असतो, त्यामुळे त्याला दाबणारा पिस्टन कॅलिपरच्या बराच बाहेर आलेला असतो. त्या उघड्या कडेवर चिखल, पाणी आणि ब्रेकची भुकटी मिळून एक करडा, कडक थर साचतो. पावसाळ्यानंतर तर नखानेही निघत नाही. नवे पॅड जाड असल्याने ते बसवायला पिस्टन आत ढकलावा लागतो. तो स्क्रू ड्रायव्हरने तसाच रेटला की ती घाण थेट रबरी सीलवर जाते. पिस्टन अडकायला लागतो, लिव्हर सोडली तरी पॅड डिस्कला लागून राहतो, डिस्क तापते, आवाज येतो आणि मायलेजही पडतं. जाणता मेकॅनिक आधी लिव्हर हलकेच दाबून पिस्टन थोडा आणखी बाहेर आणतो, जुन्या टूथब्रशला ब्रेक ऑइल लावून कड घासतो, पुसतो आणि मगच ढकलतो. ढकलताना त्याची एक नजर ब्रेक ऑइलच्या वरच्या टाकीवर असते, कारण ऑइल वर चढून सांडलं तर रंग खातं.

ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्याही याच वेळी काढून पुसायच्या आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. ही पिन सुकली की एकच पॅड झिजतो. जुने पॅड परत मागून घ्या. एक जाड आणि एक पातळ दिसला तर निदान तुमच्या हातातच आहे. पॅडच्या मागची पातळ पत्री आणि कॅलिपरमधली स्प्रिंगची पट्टी जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाणं हेही नेहमीचं. थरथर शोषण्याचं काम त्यांचंच, म्हणून त्या परत लागल्या का ते विचारा.

गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं तरी बरंच कळतं. फेरीत ठरावीक जागीच घासलं तर डिस्क वाकडी आहे. सतत घासलं तर पिस्टन किंवा पिन अडकली आहे. खड्ड्यात खटखट वाजतं, पण ब्रेक लावला की थांबतं, तेव्हा पॅड सैल आहे किंवा ती पट्टी गायब आहे. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर झाली तर तो डिस्कवरचा गंज, त्याची काळजी नको. मात्र मसाला संपून पत्रा घासल्यासारखा खर्र असा धातूचा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवावी.

आवाज येतो आणि ब्रेकही कमी लागतो, हे लक्षण मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. चेनचा स्प्रे मागच्या डिस्कवर उडतो, शॉकअपचं सील गळून ऑइल पुढच्या डिस्कवर येतं, वॉशिंग सेंटरवाला हौसेने डिस्कवरही पॉलिश मारतो. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते, पण तेल प्यायलेला पॅड पॉलिश पेपरने घासून सुधारत नाही, तो टाकावाच लागतो. काही गॅरेजांत आवाज बंद करायला पॅडच्या कडेला ग्रीस फासतात. गरम झालं की ते वितळून डिस्कवर येतं. मागच्या पत्र्याला उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं चालतं, घासणाऱ्या बाजूला कणभरही नाही.

सगळं करूनही बारीक आवाज राहिला तर पॅडचा प्रकार पाहा. धातूची भुकटी भाजून केलेले सिंटर्ड पॅड पाण्यापावसात चांगले धरतात, पण साध्या पॅडपेक्षा जास्त वाजतात. त्यानंतर डिस्कची जाडी मोजा. किमान किती हवी तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेल्या डिस्कवर कितीही भारी पॅड टाकले तरी पैसे वाया जातात.

आणि पॅड बदलल्यावर गॅरेजमधून गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही.