डिझेल पिकअपचं ट्यूनिंग: ताकद किती मागावी?

अमेरिकेत फोर्ड, रॅम किंवा शेवरलेची मोठी डिझेल पिकअप घेतली, की अनेकजण इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलून घेतात. हा बदल करणाऱ्या उपकरणावर, म्हणजे ट्यूनरवर, सहसा तीन-चार पर्याय असतात: मूळ सेटिंग, मायलेजसाठीचं, ट्रेलर ओढण्यासाठीचं आणि जास्तीत जास्त ताकदीचं. निवडताना पहिला प्रश्न एकच: मागे ट्रेलर जोडणार का?

कारण डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती इंधन फवारलं यावर ठरते. टर्बो त्या प्रमाणात हवा देऊ शकला नाही, तर काळा धूर निघतो आणि एक्झॉस्ट वायूंचं तापमान झपाट्यानं चढतं. रिकामी गाडी सिग्नलवरून सुसाट सुटली, तर हा ताप काही सेकंदांचा. चार-पाच टनांचा ट्रेलर घेऊन रॉकी पर्वतातला घाट चढताना मात्र उष्णता साचतच जाते. अनेक इंजिनांचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं. म्हणून ओझ्यासाठीच्या सेटिंगमध्ये इंधनाची वाढ बेताचीच ठेवतात. फवारणी थोडी आधी सुरू केली तर मायलेज सुधारू शकतं, पण सिलिंडरमधला दाब आणि नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवल्याशिवाय मूळ सेटिंगला हात लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

काजळीचा फिल्टर काढून टाकणारं ट्यूनिंग तर नकोच. तिथल्या स्वच्छ हवा कायद्यानं ते बेकायदा आहे. तरीही अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2020 मधल्या अंदाजानुसार, आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढली गेली होती.