पुरापूर्वीची यादी

पंचनामा हा शब्द आमच्या शेतकरी बांधवांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पूर ओसरला, भिंती बसल्या, गुरें वाहून गेलीं, म्हणजे तलाठी गांवांत येतात, पंच बोलावले जातात आणि झालेल्या हानीची मोजदाद होते. महसुली दप्तरांत उमर घालविल्यामुळें असे कागद आम्हीं पुष्कळ लिहिले आहेत. ते आवश्यक आहेत यांत शंका नाहीं. परंतु लिहितां लिहितां एक गोष्ट मनास नेहमीं टोंचत असे. गेलेल्या वस्तूंची यादी करण्यांत आपण जी तत्परता दाखवितों, ती वांचवावयाच्या माणसांची यादी आधीं करण्यांत कां दाखवूं नये?

साहाय्याचीं साधनें आपणांकडे नाहींत असें नव्हे. डिसेंबर १९४६ मध्यें मुंबईंत होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दलाची स्थापना झाली. १९६८ सालीं नागरी संरक्षणाचा कायदा झाला. त्या वेळीं शत्रूच्या हल्ल्याचा विचार मुख्य होता. २००९ सालच्या दुरुस्तीनें नैसर्गिक आपत्तीही त्याच्या कक्षेंत आल्या. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा प्राधिकरणें निर्माण झालीं व राष्ट्रीय दल उभें राहिलें. त्याची एक तुकडी पुण्याजवळ असते. ‘आपदा मित्र’ योजनेंत स्वयंसेवकांस शोध, सुटका व प्रथमोपचार यांचें शिक्षणही मिळतें. हें सर्व स्तुत्य आहे. तथापि दल कितीही तत्पर असलें, तरी त्यास येण्यास वाट लागते, आणि ती वाट पुरानेंच बंद केलेली असते. पहिले कांहीं तास गांवाचे स्वतःचे असतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या व हजारों जीव गेले. अशा वेळीं ढिगाऱ्यास पहिला हात लागतो तो वांचलेल्या शेजाऱ्याचा. भूकंप सूचना देऊन येत नाहीं. पूर मात्र बहुधा देतो. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांस बाहेर काढणारी नाव उलटली व अनेकांस जलसमाधि मिळाली. क्षमतेहून अधिक माणसें तींत बसलेलीं होतीं.

याचा दोष कोणास देण्याचा आमचा हेतु नाहीं. पाणी उंबऱ्यास लागलें म्हणजे जो तो पहिल्याच खेपेस चढूं पाहतो. मूल कडेवर घेतलेल्या बाईस ‘आपण पुढील खेपेस या’ असें सांगण्याचें धैर्य कोणास होणार? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, तें सांगण्याचा अधिकार कोणाचा, हें कोरड्या दिवसांतच ठरलेलें असावें.

मे महिन्याच्या ग्रामसभेंत प्रत्येक वस्तीची यादी करावी. घरांत माणसें किती. त्यांत अंथरुणास खिळलेले, गरोदर, वृद्ध व तान्हीं किती. त्यांस कोण उचलणार. कोणत्या उंचवट्यावर नेणार. गुरें किती व त्यांची वैरण कोठें, एवढे रकाने पुरेत. २००५, २०१९ व २०२१ सालच्या पुरांच्या खुणा भिंतींवर असतील, त्या पाहून पुलाजवळील कोणत्या आंकड्यास कोणत्या घरास पाणी लागतें, तें त्या घरापुढें लिहावें. मग पाणी अंगणांत येण्याची वाट पाहावी लागत नाहीं. आंकडा ऐकतांच माणूस निघूं शकतो.

दुसरी यादी साधनांची. दोर, कुऱ्हाड, पहार, विजेऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्यूबा कोणाच्या घरीं आहेत, हें नोंदावें. गुऱ्हाळाची काहील होडीसारखी पाण्यांत घालण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. परंतु ती ओढींत गरगर फिरते, म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यावांचून व दोर बांधल्यावांचून ती सोडूं नये. नावेंत किती माणसें बसावीं, तो आंकडा तिच्या अंगावर ठळक रंगानें लिहावा. घाटावर एक माणूस नेमावा, आणि त्याचा शब्द सरपंचानेंही मानावा. घर सोडतांना गुरांचीं दावीं सोडावीं. बांधलेलें जनावर उभ्या जागीं बुडतें. मोकळें असल्यास उंचवटा गांठण्याचा संभव तरी राहतो.

तिसरी यादी स्वयंसेवकांची. पोहणारे, उचलणारे, स्वयंपाक करणारे व निरोप पोंचविणारे, असे त्यांचे वर्ग करावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चावडीवर लिहावा. पावसापूर्वीं एकदां दिवसां व एकदां रात्रीं तालीम करावी. अंधारांत रस्त्यांतील चिखल व फाटकाची कडी यांची अडचण तेव्हांच कळते.

पंचनाम्यावर सह्या पाणी ओसरल्यावर होतात. या यादीवर त्या मे महिन्याच्या अखेरीस व्हाव्या, आणि आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं पुढाकार घेऊन त्या मिळवाव्या, अशी आमची नम्र विनंती आहे.