नियमांचा कारभार

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे बहुतांशीं नियमांचा समूहच होय. अमुक झाल्यास तमुक करावें, ही त्याची भाषा. हे नियम प्रोग्रॅमच्या अंगांत न विणतां बाहेर स्वतंत्र मांडावे, आणि कोणता केव्हां लागू पडतो हें ठरविण्याचें काम एका यंत्रणेकडे द्यावें, या व्यवस्थेस ‘रूल इंजिन’ म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा व्यवसाय करणारे मुलगे व सुना आहेत. तेव्हां ही व्यवस्था केव्हां हितावह, याचा विचार येथें अप्रस्तुत होणार नाहीं.

व्याकरण शिकलेल्यांस ही कल्पना अपरिचित वाटूं नये. पाणिनीनें सुमारें ४,००० सूत्रें रचलीं. परंतु दोन सूत्रें एकाच ठिकाणीं प्राप्त झालीं असतां बलवान् कोणतें, हें सांगणारें सूत्रही त्यास द्यावें लागलें. नियम सुटे मांडले म्हणजे त्यांच्या विरोधाचा निवाडाही करून ठेवावा लागतो.

अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें व्हॅक्स संगणक जुळवून देत असे. भागांची ही जुळणी वारंवार चुके. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जॉन मॅक्डरमॉट यांनीं १९७८ मध्यें तिच्यासाठीं नियमांवर चालणारी व्यवस्था रचण्यास घेतली. १९८० पासून ती कामास लागली. तिलाच पुढें ‘एक्सकॉन’ म्हणूं लागले. येथें ही पद्धति सर्वथा योग्य होती. भाग पुष्कळ, नव्यांची सतत भर, आणि जुळणीचें ज्ञान प्रोग्रॅमरांपाशीं नसून कारखान्यांतील अनुभवी माणसांपाशीं. परंतु आरंभीं शेंकड्यांनीं मोजले जाणारे नियम पुढें दहा हजारांवर गेले. एक बदलला असतां दुसऱ्या कोणावर आघात होईल, हें सांगणें कठीण झालें, आणि केवळ देखभालीसाठीं तज्ज्ञ माणसें राबवावीं लागलीं.

म्हणून आरंभींच तीन प्रश्न विचारावे. नियम पुष्कळ आहेत काय? ते वारंवार बदलतात काय? ते जाणणारा मनुष्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्याहून निराळा आहे काय? तिहींचें उत्तर होकारार्थीं असेल, तर इंजिनाचा खर्च सार्थकीं लागतो. दहावीस स्थिर नियमांस मात्र एखादें कोष्टक किंवा प्रोग्रॅमच्या चार ओळी पुरतात. तेथें इंजिन आणणें म्हणजे घरच्या पंक्तीसाठीं आचारी बोलावणें होय.

आणखी एक गोष्ट. कर्जाचा वा विम्याचा अर्ज अशा नियमांनीं नाकारला गेला, तर कारण विचारणाऱ्या अर्जदारास तें स्पष्ट सांगतां आलें पाहिजे. कोणता नियम कोणीं घातला आणि तो कोणीं तपासला, याची नोंद ठेवण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांनीं या वाटेस जाऊं नये, हेंच आमचें सांगणें आहे.