पाणबुडी उघडायची कुठून?

भोसरी, चिंचवड, चाकणकडच्या घरांत मुले हल्ली नुसती खेळण्यातली गाडी चालवून गप्प बसत नाहीत. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेला मोठा भाऊ असला की घरात मोटार, बॅटरी, रिमोट येतो आणि एक दिवस विषय पाणबुडीवर जातो. रिमोटवर चालणारी, खरोखर बुडी मारणारी पाणबुडी. अब्बांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: ती उघडणार कुठून?

कारण सोपे आहे. विमानाचे मॉडेल बिघडले तर चार स्क्रू काढून आत बघता येते. पाणबुडीला पाडलेले प्रत्येक भोक हे पाणी आत शिरायची वाट असते. म्हणून नवखा मुलगा काय करतो, तर सगळे सामान आत बसवतो आणि सांधा सिलिकॉन किंवा एपॉक्सीने कायमचा चिकटवून टाकतो. पहिल्या दिवशी पाणी येत नाही, घरभर कौतुक होते. आठवड्याने एखादी वायर सुटते. मग सांधा करवतीने कापायचा, पुन्हा चिकटवायचा. दोनदा तसे झाले की फायबरच्या कडा चिरतात आणि दोन-चार हजारांचे सामान माळ्यावर जाते. मुलाचा हुरूपही त्याच्याबरोबर जातो, आणि तो परत आणणे सामान आणण्याइतके सोपे नसते.

दुसरी पद्धत वरच्या बाजूला लांबट चौकोनी झाकण ठेवण्याची. दिसायला सोयीची, पण हिशेब करून बघा. पाण्यात एक मीटर खाली गेले की दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 100 ग्रॅम जादा दाब येतो. झाकण 30 बाय 8 सेंटीमीटरचे असेल तर क्षेत्रफळ 240 चौरस सेंटीमीटर, म्हणजे भार 24 किलो, जवळपास तांदळाचा एक कट्टा. एवढ्या भाराने सपाट पत्रा दोन स्क्रूंच्या मधे वाकतो आणि नेमके तिथे गॅस्केट ढिले पडते. स्क्रू वाढवले तर उघडायला अर्धा तास लागतो. मग कोणी उघडतच नाही.

मॉडेल करणाऱ्या जाणत्या लोकांनी यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. बाहेरचा आकार पाण्यापासून वाचवायचाच नाही. त्यात पाणी खुशाल भरू द्यायचे. आत एक गोल नळकांडे ठेवायचे आणि फक्त तेवढेच कोरडे राखायचे. 60 सेंटीमीटर लांब पाणबुडी उभी चिरून दोन फाका केल्या तर सव्वा मीटरच्या पुढे सांधा सांभाळावा लागतो. 90 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याच्या तोंडाशी हाच सांधा जेमतेम 28 सेंटीमीटर होतो. तोही पूर्ण गोल, कुठे कोपरा नाही. गोल नळी दाब सगळीकडे सारखा वाटून घेते, आणि बाहेरचे पाणी झाकणाला आतच रेटते.

हे झाकण करण्यासाठी आपल्या पट्ट्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. लेथ असलेला गाळा शोधायला लांब जावे लागत नाही. नायलॉन किंवा डेलरिनच्या गोल तुकड्यावर खाच काढायची, त्यात नायट्राइल रबराची ओ-रिंग बसवायची. 3 मिलिमीटर जाडीची रिंग बसल्यावर साधारण अर्धा मिलिमीटर दबली पाहिजे. कमी दबली तर पाणी येते, फार दबली तर झाकण निघत नाही आणि रिंग कापली जाते. पाइप आधी विकत घ्यावा, त्याचे आतले माप घ्यावे आणि मगच झाकण टर्न करायला द्यावे. बाजारातला पाइप नावाला 90 असतो, आतून प्रत्येक तुकडा थोडा वेगळा. पीव्हीसी स्वस्त पडते, पण पारदर्शक ॲक्रिलिक घेतले तर आत आलेला पाण्याचा पहिला थेंब डोळ्यांना दिसतो.

असे तुकडे पूर्वी चिखली-कुदळवाडीच्या भंगार बाजारात किलोच्या भावाने मिळत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली भंगाराची दुकाने आणि छोटे कारखाने मोठ्या प्रमाणात पाडले. आता त्याच तुकड्यासाठी जास्त फिरावे लागते. ज्यांची दुकाने गेली त्यांच्यापुढे हा प्रश्न अर्थातच फार छोटा आहे.

आतल्या मांडणीचा एक नियम पाळला तर निम्मा त्रास वाचतो. मोटार, सर्वो, रिसीव्हर, बॅटरी हे सगळे एकाच लांब पट्टीवर बसवावे आणि ती पट्टी मागच्या झाकणाला पक्की करावी. पंख्याचा दांडा आणि सुकाणूच्या सळया त्याच झाकणातून बाहेर जातात. उघडताना झाकण हलवायचे नाही, नळकांडेच पुढे ओढून काढायचे. मिठाईच्या खोक्यातून ट्रे निघावा तसे सगळे सामान समोर येते. एकही वायर सोडवावी लागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत मात्र घरातल्या मोठ्यांनी लक्ष घालावे. ती बंद नळकांड्यात कधीही चार्ज करू देऊ नये. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि लिथियमची फुगली किंवा पेटली तर बंद नळी फुटते. हा धोका मोठ्या पाणबुडीलाही चुकलेला नाही. आपल्या नौदलाच्या सिंधुरक्षकवर 2010 साली विशाखापट्टणमला बॅटरीतून सुटलेल्या हायड्रोजनमुळे आग लागली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. चार्जिंगसाठी बॅटरी रोज बाहेर काढावी लागते, म्हणूनही पाणबुडी मिनिटभरात उघडली पाहिजे.

उघडायचे कुठून हा प्रश्न आज माझगाव डॉकमध्येही आहे, आणि त्याचा एक धागा चिंचवडपर्यंत येतो. कलवरी जातीच्या पाणबुड्यांना बॅटरी भरण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन इंजिन चालवावे लागते आणि तेव्हाच त्या शत्रूला सापडू शकतात. म्हणून अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने हवेशिवाय वीज तयार करणारी फ्युएल सेलची यंत्रणा विकसित केली. मार्च 2021 मध्ये तिची जमिनीवर चाचणी झाली. उद्योगांपैकी तिला साथ होती लार्सन अँड टुब्रोची आणि थर्मॅक्सची. या थर्मॅक्सचा कारखाना चिंचवडला आहे. ही यंत्रणा झडपेतून आत नेण्याजोगी नाही. त्यासाठी पाणबुडी मधोमध आडवी कापायची, दोन भाग दूर करायचे, यंत्रणा बसवलेला नवा गोल भाग मधे घालायचा आणि पुन्हा वेल्डिंग करायचे. डिसेंबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला तो यासाठीच. इथेही काप उभा जात नाही, गोलच जातो. कारण तेच, सगळ्यात आखूड आणि सगळीकडे सारखा सांधा.

आता बाहेरचा आकार. तो कोरडा राखायचा नसल्यामुळे कापायला भीती नाही. पाण्याच्या रेषेवर आडवा कापावा. पुढच्या टोकाला वरचा भाग खालच्या भागात अडकेल अशी जीभ ठेवावी आणि मागे एकच स्क्रू, तोही स्टेनलेसचा. खाली आणि वर पुरेशी भोके ठेवली नाहीत तर हवा अडकते आणि पाणबुडी बुडतच नाही. शिसे तळाशी, थर्माकोल वर, नाहीतर ती कलंडते. वजन असे ठेवावे की मोटार बंद पडली तर पाणबुडी आपोआप वर येईल. 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्याखाली थोड्याच अंतरात हात टेकतो, त्यामुळे ही काळजी हवीच. जुना 27 मेगाहर्ट्झचा सेट गोड्या पाण्यात बराच बरा चालतो.

झाकण लावताना आतली हवा दाबली जाते आणि ते परत बाहेर ढकलले जाते. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक आणि त्याला छोटा स्क्रू ठेवावा. याच भोकाला नळी जोडून सिरिंजने अगदी थोडी हवा भरावी आणि नळकांडे टबात बुडवावे. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसे बुडबुडे कुठून येतात ते बघावे. सायकलचा पंप लावू नये, ॲक्रिलिक फुटते.

मुलांना पवना, इंद्रायणी किंवा दगडखाणीकडे नेण्याची गरज नाही. गच्चीवरचा मोठा ड्रम पुरतो, पुढे परवानगी काढून एखादा तरणतलाव. पहिल्या वेळी आत बॅटरी ठेवूच नये. टिश्यू पेपर आणि बुडण्यापुरते वजन घालावे, अर्धा तास ड्रमच्या तळाशी ठेवावे, बाहेरून नीट पुसावे आणि उघडून कागदाला बोट लावून बघावे. कागद कोरडा निघाला तर दुसऱ्या दिवशी मोटार बसवावी. ओला निघाला तर ओ-रिंग काढून तिच्यावर केस किंवा लेथचा कीस अडकला आहे का ते बघावे. बहुतेक वेळा तोच असतो.